‘पुन्हा तुकाराम’ आणि दुभाषिक लेखकाची वाट

अनुवाद हा दुय्यम दर्जाचा उद्योग आहे, असे मत आपल्याकडे उघडपणे कोणी मांडीत नाही. व्यवहारात मात्र ते सर्वत्र पाळले जाते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव ठळक आणि अनुवादकाचे नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात, ही रीत अजूनही पुरती गेलेली नाही. साहित्य अकादमीने स्वतंत्र ग्रंथांसाठी पुरस्कार सुरू केले ते 1955 मध्ये, आणि अनुवादासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तो 1989 मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत अनुवाद होत नव्हते असे नाही. ते मोजावेत असे कोणाच्या मनात आले नव्हते, एवढेच. 2022 मध्ये गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ या हिंदी कादंबरीच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादास, आणि 2025 मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादास आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समसमान वाटली जाते, हे वाचून आपल्याकडील अनेकांना नवल वाटले. आम्हांला नवल वाटले ते लोकांना नवल वाटण्याचे.

परंतु या गौरवामुळे एक गैरसमज रूढ होऊ पाहत आहे. देशी भाषेतील ग्रंथ इंग्रजीत गेला, तेथे नावाजला, म्हणजे अनुवादाचे सार्थक झाले, असे मानले जाते. हा हिशोब अपुरा आहे. दोन भाषांत वावरणाऱ्या लेखकाने दुसऱ्या भाषेला काय दिले, हे पाहून आपण थांबतो. त्या येरझाऱ्यांतून त्याच्या पहिल्या भाषेच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आमच्या मते दुभाषिक लेखकाची खरी परीक्षा त्या प्रश्नात आहे. ती लावून पाहावी असा एक मोठा लेखक आमच्याच नगरीत जन्मास आला होता. दिलीप चित्रे यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत.

चित्रे यांचा जन्म 17 सप्टेंबर 1938 रोजी बडोद्यास झाला. त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे यांनी बडोद्याहून ‘अभिरुचि’ हे मासिक चालविले. 1940 च्या दशकात मराठी नवसाहित्याला ज्या थोड्या नियतकालिकांनी आसरा दिला, त्यांत या मासिकाचे नाव घ्यावेच लागते. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, गुजराती वस्तीच्या मध्यभागी छापले जाणारे एक मासिक मराठी वाङ्मयाला नवे वळण लावण्यास हातभार लावते, ही घटना पुण्या-मुंबईच्या वाङ्मयेतिहासकारांनी नोंदविली आहे. तिचा अर्थ मात्र त्यांनी पुरेसा लावला आहे असे आम्हांला वाटत नाही. भाषेच्या सीमेवर राहणाऱ्यांना आपली भाषा गृहीत धरता येत नाही, रोज ती निवडावी लागते. चित्रे यांचे कुटुंब 1951 मध्ये मुंबईस गेले. परंतु घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि कपाटात इंग्रजी हा बालपणीचा अनुभव त्यांच्या पुढील लेखनात शेवटपर्यंत टिकला, असे मानण्यास जागा आहे.

त्यांच्या कामाचा विस्तार एका लेखात मावणारा नाही. 1954 च्या सुमारास मित्रांसह काढलेले ‘शब्द’ हे अनियतकालिक, 1960 मधील ‘कविता’ हा पहिला संग्रह, 1967 मध्ये संपादित केलेला मराठी नवकवितेच्या इंग्रजी अनुवादांचा संग्रह, कथा, ‘चाव्या’सारखे समीक्षालेखन, 1980 मधील इंग्रजी कवितासंग्रह, ‘गोदाम’ हा चित्रपट, ज्ञानदेवांच्या ‘अनुभवामृता’चा इंग्रजी अनुवाद, आणि 2007 मध्ये नामदेव ढसाळांच्या कवितांचे इंग्रजी पुस्तक. शिवाय ते चित्रकारही होते. इतक्या दिशांनी धावणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे जी शंका घेतली जाते, ती त्यांच्याही वाट्याला आली. ‘हा इंग्रजीचा की मराठीचा?’ असे विचारणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. साहित्य अकादमीने 1994 साली ‘एकूण कविता - 1’ या मराठी संग्रहास पुरस्कार दिला, आणि त्याच वर्षी तुकारामाच्या इंग्रजी अनुवादासही पुरस्कार दिला. त्या प्रश्नाचे हे उत्तर पुरेसे होते. पण आपल्याकडे प्रश्न उत्तरांहून दीर्घायुषी असतात.

तुकारामाच्या त्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘सेज तुका’. पेंग्विनने तो 1991 मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तुकाराम इंग्रजीत नव्हता असे नव्हे. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांनी 1909 ते 1915 या काळात तीन खंडांत गाथ्याचा इंग्रजी गद्यानुवाद दिला होता. तो कष्टाचा आणि प्रामाणिक उद्योग आहे. पण तो वाचून तुकाराम हा कवी होता अशी खात्री परभाषिकास होईल, असे आम्हांला वाटत नाही. तेथे एक सज्जन भक्त उपदेश करताना दिसतो. चित्रे यांच्या पुस्तकात मात्र एक माणूस बोलतो. तो चिडतो, गयावया करतो, स्वतःला हिणवतो, देवाचे वाभाडे काढतो, आणि मध्येच अशा शांतपणे काही सांगून जातो की ऐकणारा गप्प होतो. हा स्वर इंग्रजीत आणणे ही चित्र्यांची कमाई होय.

ती कमाई त्यांनी कशाच्या मोलाने केली, हेही पाहिले पाहिजे. अभंगाची घडण आमच्या शिक्षक-वाचकांस ठाऊकच आहे. मोठ्या अभंगात चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. तीन पावले टाकून चौथ्या पावलाला थबकावे, तसे त्या अपुऱ्या चरणावर मन थबकते. छोट्या अभंगात सामान्यतः आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. या रचनेचा निम्मा अर्थ तिच्या नादात आहे, कारण अभंग हा प्रथम कानाने ऐकावयाचा, टाळावर म्हणावयाचा, ध्रुपदाशी परत परत यावयाचा. चित्रे यांनी हे सर्व बहुतेक ठिकाणी सोडून दिले आणि मुक्त ओळींत बोलता तुकाराम घडविला. इंग्रजीत यमके जुळवून अभंग बांधण्याचा हट्ट धरला असता तर हाती बालगीते आली असती, हे आम्ही मान्य करतो. तथापि याचा परिणाम सर्व अभंगांवर सारखा झालेला नाही. जेथे तुकाराम देवाशी भांडतो किंवा स्वतःच्या मनाशी झगडतो, तेथे मुक्त ओळ त्याला शोभते. झगड्याला ताल नसतोच. जेथे तो नीती सांगतो, तेथे मात्र मूळचे बळ यमकाच्या खटक्यात असते. तो खटका गेला की उरते ते सरळ विधान, आणि सरळ विधान फार वेळ कविता राहत नाही. उपदेशपर अभंगांचे चित्रेकृत अनुवाद आम्हांला त्यामुळे फिके वाटतात. ते वाचून एखाद्या परक्या वाचकाने ‘यात विशेष ते काय?’ असे विचारले, तर त्याला दोष देता येणार नाही.

याहून सूक्ष्म अशी एक हानी आहे, आणि तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. मराठीत संबोधनाच्या तीन पायऱ्या आहेत: तू, तुम्ही, आपण. जुन्या वळणाच्या घरांत वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हणत. देवालाही ‘तू’. म्हणजे अत्यंत आदरणीय आणि अत्यंत जवळची अशी जी दोन स्थाने, त्यांनाच आपण एकेरी हाक मारतो. तुकारामाचा विठोबा हा देवही आहे आणि ‘विठाई’ होऊन आईही आहे. त्याच्या एकेरी हाकेत ही दोन्ही नाती एकदम असतात. त्याच हाकेने तो देवाला शिव्याही देतो, आणि ती शिवी उद्धट वाटत नाही, कारण मूल आईवर रागावले म्हणजे ती उद्धटाई नसते. इंग्रजीत ‘यू’ हा एकच शब्द कारकुनालाही चालतो आणि परमेश्वरालाही. जुना ‘दाऊ’ वापरावा, तर त्याला चर्चच्या बाकाचा वास येतो. चित्रे यांनी ‘यू’ स्वीकारला. त्यांना दुसरा मार्ग नव्हता. परंतु त्यामुळे इंग्रजी वाचकाला तुकारामाचा धीटपणा दिसतो, जवळीक दिसत नाही. आणि धीटपणाच तेवढा दिसला तर तुकाराम हा एक बंडखोर भासतो. पाश्चात्त्य वाचकाला बंडखोर कवी प्रिय असतो. अशा रीतीने भाषेच्या एका उणिवेतून एक मत तयार होते, ते मूळ ग्रंथात नसतानाही.

लिंगाचाही प्रश्न तसाच आहे. विठ्ठल पुल्लिंगी, विठाई स्त्रीलिंगी, आणि माउली म्हणून ज्याला हाक मारावी तो ज्ञानोबा पुरुष. मराठी माणसाला यात काहीच अडचण वाटत नाही. एका कडव्यात तो आला आणि पुढच्या कडव्यात ती आली, तरी मन अडखळत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक वेळी सर्वनाम निवडून पक्षकार व्हावे लागते.

पुस्तकाचे नावही या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. मराठीत प्रथम तुका येतो आणि मग तो म्हणतो. ‘सेज तुका’मध्ये म्हणणे आधी आले आणि तुका मागून आला. मूळ नाममुद्रेत कवी पुढे होऊन बोलल्यासारखा वाटतो. इंग्रजी नाममुद्रेत बोलणे संपल्यावर कवीने सही केल्यासारखे वाटते. ही उणीव आहे असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजीला हा उलटा क्रम मानवतो, आणि जुन्या पोवाड्यांची आठवण देणारा एक ठसका त्यात आहे. एवढ्या लहान जागी एवढा विचार करणारा अनुवादक क्वचित आढळतो, म्हणून याचा उल्लेख केला.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. या उद्योगातून मराठीला काय मिळाले? उत्तर ‘पुन्हा तुकाराम’ या 1990 मध्ये आलेल्या ग्रंथात आहे. इंग्रजी पुस्तकाच्या एक वर्ष आधी तो प्रसिद्ध झाला, म्हणून तो आधी सुचला असे समजू नये. चित्रे तरुणपणापासून तुकारामाचा अनुवाद करीत होते. तीन दशकांहून अधिक काळ एकेक अभंग दुसऱ्या भाषेत बसविताना जे जे अडले, ते ते या मराठी ग्रंथाच्या उपयोगी पडले आहे. अनुवादकाला वाचकाची सवलत नसते. वाचक एखाद्या शब्दावरून सुखाने घसरत जातो. ‘उगी’, ‘ठाव’, ‘निवाड’ असे शब्द आपण कळल्यासारखे वाचतो आणि पुढे जातो. अनुवादकाला तेथे थांबावेच लागते, कारण त्याला त्या शब्दाची किंमत परकीय नाण्यात द्यावयाची असते. शाळेत आणि कीर्तनात ऐकून ऐकून गुळगुळीत झालेला तुकाराम चित्रे यांना इंग्रजीच्या खडबडीत दगडावर घासावा लागला, आणि तेव्हा त्याची मूळ धार दिसली. ‘पुन्हा तुकाराम’मधील निवड आणि मांडणी या धारेच्या अनुरोधाने झालेली आहे. येथे संत आधी आणि कवी नंतर असा क्रम नाही. भाषेशी झुंजणारा, आपल्या बोलण्याविषयी शंका घेणारा, शब्द हेच आपले धन मानणारा असा एक कवी येथे समोर येतो.

यावर वारकरी परंपरेतील अभ्यासकांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. तुकारामाला संप्रदायातून उचलून एकट्या कवीच्या खोलीत नेऊन बसविले, तर त्याचा अर्धा गाथा मुका होतो. टाळकऱ्यांच्या मेळ्याशिवाय तुकाराम म्हणजे देहूशिवाय इंद्रायणी. चित्रे यांचा तुकाराम कधी कधी फार एकटा दिसतो हे खरे आहे. परंतु ज्या पिढीने गाथा पाठ्यपुस्तकातील चार अभंगांपलीकडे उघडला नव्हता, ती पिढी या ग्रंथामुळे गाथ्याकडे वळली. आमच्या परिचयातील दोन तरुण शिक्षकांनी हा ग्रंथ वाचल्यानंतर सबंध गाथा प्रथमच वाचून काढला. मराठीचे श्रेष्ठ धन मराठीस परत मिळण्यासाठी त्याला इंग्रजीची वारी घडावी लागली, ही गोष्ट अभिमानाची की खेदाची, हे ज्याने त्याने ठरवावे.

चित्रे यांचे समकालीन आणि मित्र अरुण कोलटकर यांची वाट निराळी. त्यांनीही 1960 च्या दशकात तुकारामाचे काही अभंग इंग्रजीत आणले, आणि त्यांचा तुका चौकातल्या बोलीत बोलतो. पण कोलटकरांच्या दोन भाषा म्हणजे एका घराच्या दोन खोल्या नव्हेत. ती दोन घरेच होत. ‘जेजुरी’ त्यांनी इंग्रजीत लिहिली, ‘भिजकी वही’ मराठीत, आणि एका घरातले सामान दुसऱ्यात नेण्याची त्यांना फारशी घाई नव्हती. शांता गोखले यांनी ‘रीटा वेलिणकर’ ही आपली मराठी कादंबरी स्वतःच इंग्रजीत नेली, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ समग्र अनुवादिली आणि मराठी रंगभूमीचा इतिहास इंग्रजीत लिहिला. लक्ष्मीबाईंचा भाबडा वाटणारा आणि मुळीच भाबडा नसणारा विनोद इंग्रजीत टिकवणे किती कठीण, हे ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकविली आहेत ते जाणतील. आमच्या बडोद्यास दीर्घकाळ अध्यापन केलेल्या गणेश देवी यांनी इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत ग्रंथ लिहिले. 1992 च्या त्यांच्या ‘आफ्टर अम्नेशिया’ या इंग्रजी पुस्तकात, भारतीय समीक्षक आपल्या भाषांच्या स्मृतीस मुकला आहे, असे प्रतिपादन आहे. ते प्रतिपादन इंग्रजीत करावे लागले, यातील विरोध त्यांच्याही ध्यानात असेलच.

वाचकाच्या घरापर्यंत जाऊन पोचणारे काम मात्र बहुतेक शेजारच्या भाषांत होते, आणि त्याचा गाजावाजा होत नाही. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ इत्यादी कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या. पती विरूपाक्ष यांनी कन्नड वाचून दाखवावयाचे आणि उमाबाईंनी ऐकून मराठीत लिहावयाचे, असा त्यांचा परिपाठ सर्वश्रुत आहे. डोळ्यांनी न वाचता कानांनी ऐकून केलेला अनुवाद! त्यांच्या मराठी वाक्याला बोलण्याची जी लय आहे, तिचे मूळ कदाचित येथेच असावे. भैरप्पा हे मराठी लेखकच आहेत असे समजणारे वाचक आम्हांस भेटले आहेत. अनुवादकाला याहून मोठी पावती कोणती मिळणार? आणि याहून मोठा अन्याय तरी कोणता?

हे सारे आम्ही येथे का मांडीत आहोत, हे सांगितले पाहिजे. बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी माणूस जन्मतः दुभाषिक आहे. सयाजीराव महाराजांना ते ओळखता आले होते. ‘श्री सयाजी साहित्यमाले’तून मराठी व गुजराती या दोन्ही भाषांत ग्रंथ निघाले, आणि त्यांत अनुवादांचा वाटा मोठा होता. मराठी घरात जन्मलेले काका कालेलकर गुजरातीचे मान्यवर गद्यलेखक झाले आणि 1965 मध्ये त्यांना गुजरातीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मग आज या नगरीतून गुजरातीचे उत्तम ग्रंथ मराठीत आणि मराठीचे गुजरातीत आणणारे हात इतके थोडे का? आमच्या अनुभवात कारण सरळ आहे. आमच्या मुलांची गुजराती बाजाराची राहिली, इंग्रजी परीक्षेची झाली आणि मराठी स्वयंपाकघराची उरली. तिन्ही भाषा येतात. पूर्ण एकही येत नाही. ज्या भाषेत अनुवाद उतरवावयाचा ती भाषा भरलेली असावी लागते. मराठी माध्यमाचा एकेक वर्ग बंद होताना आम्ही पाहिला आहे. त्या प्रत्येक वर्गाबरोबर दोन-चार संभाव्य अनुवादक गेले, असा हिशोब कोणत्याही अहवालात सापडत नाही.

आणि शेजारच्या भाषेतून अनुवाद सोपा असतो हा आणखी एक भ्रम आहे. आमच्या गावात मराठी ‘राग’ म्हणजे कोप आणि गुजराती ‘राग’ म्हणजे प्रीती. मराठी ‘नवरा’ आणि गुजराती ‘नवरो’ यांच्यावरून होणारे विनोद तर प्रत्येक बडोदेकर मराठी कुटुंबात पिढीजात चालत आले आहेत. ‘नवरो’ म्हणजे रिकामटेकडा, हे कळल्यावर सासरी आलेल्या मुलींना दोन्ही भाषा लवकर येतात!

गेली काही वर्षे आम्ही नववी-दहावीच्या मुलांना एक पाठ देत असतो. तुकारामाचा एक अभंग, त्याशेजारी चित्रे यांचा इंग्रजी अनुवाद, आणि मग तोच अभंग मुलांनी स्वतः गुजरातीत आणावयाचा. इंग्रजी अनुवादाचे कौतुक करून मुले गुजरातीकडे वळतात, आणि पहिल्याच ओळीत त्यांना आढळते की ‘तू’ येथे ‘तुं’ होऊन जसाच्या तसा आला. ‘विठाई’ला कोणते सर्वनाम लावावे हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण गुजरातीलाही तीन लिंगे आहेत. इंग्रजीत जे पेंग्विनच्या पुस्तकातही हरपले, ते दहावीच्या मुलाच्या वहीत शाबूत राहते. अडचण येते ती निराळ्याच ठिकाणी. गुजरातीत ईश्वराशी बोलू लागले की मुलांच्या लेखणीत नरसी मेहत्याची प्रभातियांची चाल शिरते. लांब, डुलणारी, गोड. तुकारामाचा चौथा चरण, तो चार अक्षरांचा तुटका, तीत बसत नाही. मुले तो लांबवितात आणि तुकाराम मवाळ होतो. गेल्या वर्षी एका मुलीने तो लांबविला नाही. यमकही सोडले, चालही सोडली, आणि चार अक्षरांच्या जागी गुजरातीतले दोन शब्द ठेवून ती थांबली. ते दोन शब्द बरोबर आहेत की नाहीत, याविषयी आमच्या शिक्षकांच्या खोलीत अजून एकमत झालेले नाही.